भिंगाचा दिवा बाजूला ठेवा (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या: स्किनकेअरचा धंदा करणाऱ्यांनी आपल्या आजूबाजूच्या माणसांच्या मनाचीही थोडी काळजी घ्यावी. चारच ओळी, पण कुठल्या तरी दुखऱ्या जागी बोट पडलं असावं. या वेळची बहुतेक पत्रं त्यावरच आहेत. काही चिडून लिहिलेली आहेत. सव्वीस वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यांवर हात फिरवतेय आणि गेली नऊ वर्षं स्वतःची क्रीमही बनवून विकतेय, त्यामुळे हा राग मला नवा नाही. सुरुवात त्याच पत्राने करते.

प्रश्न : ताई, आधी लोकांना स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटायला लावायची, मग त्यावर क्रीम विकायचं आणि त्या पैशातला एक टक्का ‘मानसिक आरोग्याला’ द्यायचा. आधी पाय मोडायचा आणि मग कुबडी दान करायची, असंच झालं ना हे? माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. पिंपल्समुळे ती कॉलेजला जायचं टाळते. तिच्यासाठी तुमच्या धंद्याने काय केलं?

उत्तर : तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः केलंय. पायावर उभा राहणारा भिंगाचा दिवा बघितला असेल तुम्ही, गोल ट्यूब आणि मध्ये भिंग. जिथे मी काम शिकले तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: क्लायंट बसली की दिवा चेहऱ्यावर ओढायचा, तिच्या हातात आरसा द्यायचा आणि गप्प राहायचं. ती आपणहून म्हणते, “अगं बाई, एवढे ब्लॅकहेड्स?” ती बोलली की आपण पॅकेजचं कार्ड काढायचं. हमखास खपायचं.

एकदा चाळिशीच्या एक बाई नुसत्या भुवया करायला आल्या होत्या. मी सवयीने दिवा ओढला, आरसा दिला. त्यांनी पाहिलं, आरसा मांडीवर उलटा ठेवला आणि म्हणाल्या, “इतकी वाईट दिसते का मी? घरी कुणी कधी बोललं नाही.” सहा सिटिंगचे पैसे त्यांनी त्याच दिवशी भरले. आल्या मात्र एकदाच. उरलेल्या पाच सिटिंगचं कार्ड कितीतरी दिवस माझ्या गल्ल्यात होतं. मी फोन केला नाही, कारण काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

तो दिवा अजून आहे. आता फक्त एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे ब्लॅकहेड्स काढायच्या वेळी वापरते, तेव्हा क्लायंटच्या डोळ्यांवर कापसाचे पॅड असतात. आरसा मागितल्याशिवाय देत नाही. त्या भिंगाखाली कुणाचीच त्वचा गुळगुळीत दिसत नाही, माझी तर नाहीच. रंध्र म्हणजे केसाचं आणि तेलग्रंथीचं तोंड, त्याला झडप नसते. त्यामुळे ‘रंध्रं बंद करतो’ असं कुणी सांगितलं की समजायचं, दिवा ओढायची तयारी चाललीय.

म्हणून माझ्या लेखी दानाचा नंबर तिसरा. पहिला नंबर जखम न करण्याचा. आमच्या दुकानातल्या पाट्या, जाहिराती आणि आम्ही तोंडाने काय बोलतो ते आधी तपासायचं. दुसरा नंबर समोरचं माणूस बोललं तर ऐकण्याचा, आणि पुढे कुठे पाठवायचं ते ठाऊक असण्याचा. ज्याचे पहिले दोन झालेत, त्याने खुशाल पैसे द्यावेत.

आता मुलीबद्दल. ‘वयात येताना होतातच’ म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदींवर बेतलेला एक मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पिंपल्सचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्याचा धोका पिंपल्स नसणाऱ्यांपेक्षा 63 टक्के जास्त आढळला. म्हणजे सुरुवातीचा काळच जपण्याचा. तिला पार्लरमध्ये नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, आणि तिथे पहिलं वाक्य ‘पिंपल्स आहेत’ हे नको, ‘ही कॉलेजला जायचं टाळते’ हे सांगा. त्वचेच्या डॉक्टरांकडे यासाठी एक प्रश्नावली असते, डीएलक्यूआय नावाची, 1994 मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी तयार केलेली. दहा प्रश्न, त्यांत पुटकुळ्या किती हे कुठेच विचारलेलं नाही. गेल्या आठवड्यात लाज वाटली का, कपडे निवडताना विचार करावा लागला का, लोकांत मिसळणं टाळलं का, असं विचारलेलं आहे. तिसांपैकी दहाच्या वर गुण गेले तर आजार जगण्यावर फार परिणाम करतोय असं धरतात. पुटकुळ्या मोजक्याच आणि गुण वीस, असंही होतं. तुमच्या मुलीचं तसं असेल तर उपचार त्वचेचे आणि मनाचे, दोन्ही एकदमच सुरू करायला हवेत.

प्रश्न : मी घरगुती पातळीवर फेसवॉश आणि मॉइश्चरायझर बनवते. व्यवसाय आता बरा चाललाय. मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्यांना दर महिन्याला काही द्यावं असं मनात आहे. नफ्यातून द्यावं की विक्रीतून? पॅकिंगवर काय लिहू?

उत्तर : विक्रीतून द्या. नफा ही हिशेबनीसाच्या हातातली गोष्ट आहे. या वर्षी नवं मशीन घेतलं, नफा गेला. पुढच्या वर्षी भाचीला पगारावर घेतलं, परत गेला. विक्रीचा आकडा लपत नाही. ‘फिलॉसॉफी’ या स्किनकेअर ब्रँडने 2014 मध्ये ‘होप अँड ग्रेस’ नावाने असाच उपक्रम सुरू केला, त्यात विक्रीचा एक टक्का वस्तीपातळीवरच्या मानसिक आरोग्याच्या कामाला द्यायचं ठरलं. गायिका सेलेना गोमेझच्या ‘रेअर ब्यूटी’ या मेकअप ब्रँडनेही 2020 मध्ये धंदा सुरू करतानाच विक्रीचा एक टक्का वेगळा काढला. एक टक्का ऐकायला चिमूटभर वाटतो. पण मंदीच्या महिन्यातही तो द्यावा लागतो, तेव्हा कळतं तो केवढा आहे ते. त्यामुळे जेवढं जड महिन्यातही निघेल तेवढंच कबूल करा. अर्धा टक्का असेल तर अर्धा.

पॅकिंगवर एकच ओळ: किती टक्के, कशातून, कुणाला. ‘आमच्या नफ्याचा काही भाग चांगल्या कामासाठी’ या ओळीतून गिऱ्हाइकाला काहीही कळत नाही, आणि बहुधा न कळण्यासाठीच ती लिहिलेली असते. वर्षाअखेरी दिलेली रक्कम जाहीर करा. पत्र्याच्या डबीवर जागा नसेल तर पिशवीत चिठ्ठी टाका.

आणि देणार कुणाला, हे आधी भेटून ठरवा. मी पहिल्यांदा फजिती करून घेतलीय. एका छोट्या गटाला मी मोठ्या हौसेने क्रीमच्या पन्नास डब्या सजवून पाठवल्या. तिथल्या बाईंनी गोड शब्दांत सांगितलं, “डब्या छान आहेत, पण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मी माणसं दुसऱ्या भेटीला येत नाहीत, कारण गाडीभाडं नसतं. तेवढं बघाल का?” तेव्हापासून मी प्रवासखर्च देते. त्याचा फोटो काढता येत नाही, पण माणसं दुसऱ्यांदा येतात. 10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन 1992 पासून पाळतात. त्या आठवड्यात पोस्टरं आणि फिती वाटायला सगळेच पुढे असतात. समुपदेशकाचा मार्चचा पगार द्यायला कुणी नसतं. तुम्ही मार्चचा द्या.

फार मोठी संस्था शोधत बसू नका. झिम्बाब्वेत हरारे शहरात डिक्सन चिबांडा नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी 2006 मध्ये चौदा आज्यांना हाताशी धरून काम सुरू केलं. दवाखान्याबाहेर लाकडी बाक, बाकावर प्रशिक्षण घेतलेली आजी आणि शेजारी बोलायला आलेलं माणूस. मनाच्या या त्रासाला तिथल्या लोकांचा शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, अति विचार करणं. आपण म्हणतो ना, विचार करकरून डोकं फुटायची पाळी आली, तेच. या ‘फ्रेंडशिप बेंच’ची रीतसर चाचणी 24 दवाखान्यांत 573 माणसांवर झाली. 2016 मध्ये निकाल छापून आला: सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांच्या तक्रारी नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होत्या. बाक बनवायला काय लागतं? खर्च असतो तो आज्यांना शिकवण्याचा आणि त्यांच्या पाठीशी कायम कुणीतरी जाणतं माणूस ठेवण्याचा. पैसे द्यायचे तर अशा ठिकाणी द्यावेत.

प्रश्न : आमच्या लॅव्हेंडर नाइट क्रीमवर ‘चिंता आणि ताण कमी करते’ असं छापावं, असं मार्केटिंगवाला मुलगा म्हणतो. चालेल का?

उत्तर : नाही. चिंता हा आजार असू शकतो, आणि आजार कमी करण्याचा दावा केला की बहुतेक देशांच्या कायद्यात ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध होतं. मग औषधाचे पुरावे आणा. त्याहून वाईट म्हणजे, रात्र-रात्र झोप नसलेलं कुणीतरी डॉक्टरांकडे जायचं सोडून महिनाभर तुमची क्रीम लावत बसेल. ‘झोपण्याआधी सावकाश लावा, वास मंद आहे’ असं छापा. मुलाला हेही सांगा की लॅव्हेंडरमधलं लिनालूल हे वासाचं द्रव्य हवा लागून बदलतं आणि काहींना त्याची ॲलर्जी येते, तेव्हा झाकण घट्ट बसेल असं बघ. त्याचं डोकं तिकडे चालू दे.

प्रश्न : मी सहा वर्षांपासून फेशियल करते. गेल्या महिन्यात एक क्लायंट मसाज चालू असताना रडायला लागल्या. मी घाबरून हात काढला, “रडू नका ना, सगळं ठीक होईल” म्हटलं आणि पॅक लावून बाहेर निघून गेले. तेव्हापासून चुटपुट लागलीय. काय करायला हवं होतं?

उत्तर : तुमच्या जागी मी पहिल्या वेळी टॉवेल आणायच्या निमित्ताने बाहेर पळाले होते, आणि टॉवेल माझ्या खांद्यावरच होता.

आधी रडू का येतं ते सांगते, म्हणजे भीती जाईल. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे चेहरा, हात, पाठ इथे, काही खास मज्जातंतू असतात. जोरात दाबलं की नाही, पण हळुवार हात फिरला की ते जागे होतात. 2009 मध्ये संशोधकांनी वेग मोजून दाखवला: सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर, याच पट्ट्यात ते सगळ्यात जास्त बोलतात आणि माणसालाही तोच स्पर्श सगळ्यात सुखाचा वाटतो. हनुवटीपासून कानापर्यंत आपला हात जातो तो नेमका याच चालीने. कुणी शिकवलं नव्हतं, हाताला ठाऊक होतं. आता बघा, समोरचं माणूस आडवं आहे, डोळे मिटलेत, फोन लांब आहे आणि कदाचित कित्येक महिन्यांत त्याला कुणी मायेने हात लावलेला नाही. पंधराव्या मिनिटाला बांध फुटला तर नवल नाही.

हात एकदम काढू नका. एकदम काढलेला हात म्हणजे ‘तुम्ही चूक केलीत’ असं सांगणं. मसाज थांबवा, पण तळवे खांद्यावर तसेच ठेवा. स्टीमर चालू असेल तर बंद करा, त्या फुसफुस आवाजात कुणाला बोलता येत नाही. मग हळू विचारा, “थांबू का, की चालू ठेवू?” बस, एवढंच. निर्णय त्यांच्या हातात गेला की माणूस थोडं सावरतं. माझ्याकडच्या बऱ्याच जणी म्हणतात, “चालू ठेव.” मग मी चालू ठेवते आणि त्या रडत राहतात. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात जातं, तिथे कापसाचा बोळा लावायचा. नंतर पॅक लावायचा नाही, ओल्या चेहऱ्यावर बसतही नाही.

‘सगळं ठीक होईल’ म्हणायचं नाही, कारण आपल्याला ते माहीत नसतं आणि त्यांनाही कळतं की आपल्याला माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये आपल्यासारख्या साध्या माणसांनाही वापरता येईल असं मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक काढलं. त्याचा गाभा तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. पहिलं आपल्याला सवयीने येतं, दुसरं जमवता येतं, तिसऱ्यात आपण सगळ्या नापास. जोडून द्यायचं म्हणजे ड्रॉवरमध्ये एक कागद हवा: जवळचा समुपदेशक, सरकारी दवाखान्यातली मानसोपचाराची ओपीडी, हेल्पलाइन, घरात मारहाण होत असेल तर मदत करणारे. दर तीन महिन्यांनी त्या प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावून बघायचा. मी पहिल्यांदा लावले तेव्हा पाचांतले दोन नंबर बंद होते, आणि एकावर कुणीतरी टाइल्स विकत होतं. तोवर हा कागद मी चौघींना दिलेला होता.

कुणी म्हणालं, “आता जगून काय करायचं,” तर विषय बदलू नका. सरळ विचारा, “मरून जावं, असं मनात येतंय का?” विचारल्याने डोक्यात खूळ शिरेल ही भीती खोटी आहे, अभ्यासात तसं आढळलेलं नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं याने माणसाला मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटं सोडू नका, पुढची अपॉइंटमेंट रद्द करा, हेल्पलाइनला त्यांच्यासमोरच फोन लावा आणि घरातलं विश्वासाचं माणूस येईपर्यंत बसून राहा. एरवी जे कानावर पडलं ते त्याच खोलीत राहायला हवं. जिवाचा प्रश्न असेल तेवढाच अपवाद, आणि तेव्हाही मी कुणाला सांगणार आहे ते त्यांना सांगून.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 2017 पासून सलूनमधल्या कामगारांना घरगुती हिंसेची चिन्हं ओळखण्याचं एक तासाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. पोलिसाला किंवा डॉक्टरला जे सांगितलं जात नाही ते खुर्चीत बसून आपल्याला सांगितलं जातं, हे तिथल्या कायदे करणाऱ्यांनाही पटलं. तासाभरात कुणी समुपदेशक होत नाही, आणि आपल्याला व्हायचंही नाही.

त्या बाईंना आता निरोप पाठवा. रडण्याचा उल्लेखही नको. “पुढची वेळ हवी असेल तर कळवा, त्या दिवशी मी मधे उठून गेले त्याबद्दल सॉरी,” एवढं पुरे. मी माझ्या पाच सिटिंगच्या कार्डाबाबत तेवढंही केलं नाही.

प्रश्न : एक तरुण मुलगा दर पंधरा दिवसांनी येतो. नाकाशेजारचा ‘खड्डा’ घालवून द्या म्हणतो. मला खरोखर काही दिसत नाही. तो पैसे रोख देतो, वाद घालत नाही. करू का काम?

उत्तर : नका करू. तो खुर्चीत बसल्यावर किती वेळा आरशाकडे बघतो, फोनमधले जुने फोटो काढून तुलना करतो का, ‘दिसतोय ना? खरं सांगा’ असं पुन्हा पुन्हा विचारतो का, ते आठवा. या त्रासाला नाव आहे: बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दुसऱ्यांना न दिसणारं किंवा अगदी बारीक व्यंग स्वतःला फार मोठं वाटत राहणं. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरात दोघांच्या आसपास, आणि त्वचेच्या दवाखान्यांत त्याहून जास्त. पील, लेझर, काहीही केलं तरी समाधान होत नाही, खड्डा नाकावरून कपाळावर सरकतो. उपयोग होतो तो वर्तनावर काम करणाऱ्या मानसोपचाराचा आणि गरजेप्रमाणे गोळ्यांचा.

“काही नाहीये तिथे” असं म्हणू नका, ते त्याने हजारदा ऐकलंय आणि त्याला ते खोटं वाटतं. मी असं म्हणते: “यासाठी तुझा दिवसातला किती वेळ जातो?” एक मुलगा ‘चार तास’ म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. चार तासांवर बोलता येतं, खड्ड्यावर येत नाही. पैसे परत करा आणि तो कागद द्या, ड्रॉवरमधला.

प्रश्न : ताई, मी बावीस वर्षांची आहे, एका पार्लरमध्ये असिस्टंट आहे. आमच्या मॅडमनी ‘इथे मन मोकळं करा’ अशी पाटी लावलीय. क्लायंट खरंच बोलतात. एकीचं ऐकून होत नाही तोवर दुसरी आत येते. रात्री झोप लागत नाही. मी कच्ची आहे का?

उत्तर : कच्ची नाहीस गं, तुझ्या अपॉइंटमेंटच्या वहीत जागा नाहीये. पाटी मॅडमनी लावली आणि ऐकायला तुला बसवलं. आपण आजूबाजूच्या लोकांसाठी काहीतरी करतोय असं त्यांना वाटत असेल, पण त्या लोकांत तू पहिली.

दोन अपॉइंटमेंटमध्ये पंधरा मिनिटं माग. त्यात हात कोपरापर्यंत धू, बेडची चादर बदल, खिडकी उघड. ऐकलेलं घरी नेऊ नकोस, दिवसाअखेरी मॅडमना नाव न घेता सांग. ते ऐकणं त्यांचं काम आहे. आठवड्यातून दोन दिवस फक्त वॅक्सिंग घे, त्यात कुणी फार बोलत नाही, ओरडतात तेवढंच. आणि झोप नसलेल्या रात्री दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालल्या, तर त्या कागदावरचा पहिला नंबर तू स्वतः फिरव.

मॅडम पंधरा मिनिटं देणार नाहीत असं वाटत असेल, तर हे पान फाडून त्यांच्या टेबलावर ठेव. ठेवायला भीती वाटत असेल तर पार्लरचा पत्ता मला कळव. पुढचा अंक मी त्यांच्या नावे पोस्टाने पाठवते, या पानावर खूण घालून.